रांगेचं गणित: सिस्टीम किती भार पेलेल, हे आधी कागदावर कसं काढायचं

नवीन सिस्टीम उभी करताना एक प्रश्न हमखास येतो: "सर्व्हर किती लागतील?" उत्तर बहुतेक वेळा अंदाजपंचे दिलं जातं. कुणीतरी म्हणतं दोन, दुसरा म्हणतो चार, आणि मीटिंगमध्ये ज्याचा आवाज मोठा त्याचा आकडा ठरतो. खरं तर या प्रश्नाचं गणित शंभर वर्षांहून जुनं आहे. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या अर्लांगने १९०९ साली येणाऱ्या कॉलचा हिशेब संभाव्यतेच्या भाषेत मांडला. १९१७ साली त्याने किती लाइन ठेवल्या तर किती कॉल परत जातील, किती थांबतील, याची सूत्रं दिली. टेलिफोनच्या जागी आज वेब सर्व्हर असला तरी रांग तीच आहे.

हा लेख ज्यांनी रांगेचं गणित कधी केलेलं नाही त्यांच्यासाठी आहे. बारावीपर्यंतचं गणित, सरासरी आणि प्रमाण विचलन माहीत असेल तर पुरे. एकच उदाहरण धरून शेवटपर्यंत जाऊ. सोबत कागद-पेन ठेवा, नुसतं वाचून हे डोक्यात बसत नाही.

पायरी १: प्रश्न एका वाक्यात लिहा, आणि त्यात आकडे असू द्या

"सिस्टीम फास्ट हवी" हा प्रश्न नाही, इच्छा आहे. आपला प्रश्न असा: दर सेकंदाला सरासरी २० विनंत्या आल्या, तर १०० पैकी ९९ विनंत्यांना १ सेकंदाच्या आत उत्तर मिळेल का?

यात तीन आकडे आहेत: येण्याचा वेग, वेळेची मर्यादा आणि किती जणांसाठी ती पाळायची. तिसरा आकडा लोक विसरतात. तो नसेल तर पुढचं सगळं गणित हवेत राहतं. वाक्य कागदाच्या माथ्यावर लिहून ठेवा, शेवटी त्याच्याकडे परत यायचं आहे.

पायरी २: चौकटी काढा, आणि अडतं कुठे ते शोधा

विनंती कुठून कुठे जाते ते चौकटी आणि बाणांनी काढा. प्रत्येक चौकटीत एक आकडा लिहा: एका विनंतीमागे इथे एकूण किती काम होतं. "एकूण" महत्त्वाचं. डेटाबेसची एक क्वेरी २ मिलिसेकंदांची असेल, पण एक पान उघडायला अशा १२ क्वेरी लागत असतील, तर चौकटीत २ नाही, २४ लिहायचं.

समजा ॲप्लिकेशनचं काम ४० मिलिसेकंद आहे, पण ते ४ कोअरवर वाटलं जातं, म्हणजे प्रत्येक कोअरच्या वाट्याला सरासरी १०. इथून सेकंदाला जास्तीत जास्त १०० विनंत्या निघतील. डेटाबेसची डिस्क एका वेळी एकच काम करत असेल, तर १००० ला २४ ने भागून येतात सुमारे ४१. म्हणजे ४१ ही सगळ्या सिस्टीमची कमाल. अशा वेळी ॲप्लिकेशनचे आणखी दोन सर्व्हर जोडणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. हा प्रकार इतका नेहमीचा आहे की, पुढच्या पायऱ्या कंटाळवाण्या वाटल्या तरी एवढी एक पायरी तरी कराच.

काम कोअरांमध्ये असं वाटून झाल्यावर सर्वांत मोठा आकडा असलेली चौकट म्हणजे तुमचा अडथळा. सुरुवातीला फक्त तिचंच मॉडेल करा, बाकीच्या चौकटी सध्या विसरा. आपल्या उदाहरणात आता एकच चौकट धरू: एक सर्व्हर, एका वेळी एक काम, एका विनंतीला सरासरी ४० मिलिसेकंद.

पायरी ३: लिटलचा नियम लावून मोजमापं तपासा

जॉन लिटलने १९६१ साली सिद्ध केलेला नियम एवढाच आहे:

आत असलेल्या विनंत्यांची सरासरी संख्या = येण्याचा सरासरी वेग × एका विनंतीने आत घालवलेला सरासरी वेळ

यात येण्याच्या किंवा कामाच्या वेळांबद्दल कसलंही गृहीतक नाही. सिस्टीम दीर्घकाळ स्थिर चाललेली असावी, म्हणजे जेवढं येतंय तेवढं जातंय, एवढीच अट. म्हणून मी हा नियम मॉडेल म्हणून कमी आणि खोटं पकडायला जास्त वापरतो.

माझाच एक अनुभव. एका सिस्टीमच्या लॉगमध्ये सरासरी वेळ ४० मिलिसेकंद दिसत होता, वेग सेकंदाला ५०. म्हणजे एका क्षणी आत २ विनंत्या असायला हव्यात. मॉनिटरवर उघडी कनेक्शन मात्र सतत १२० च्या आसपास. वापरणारे "पान लोंबकळतं" म्हणून तक्रार करत होते आणि आम्ही लॉग दाखवून त्यांच्याच इंटरनेटला दोष देत होतो. १२० ला ५० ने भागा: २.४ सेकंद. लोकांना लागणारा वेळ तो होता. लॉगचं घड्याळ थ्रेडने (सर्व्हरमध्ये एका वेळी एक विनंती हाताळणारा कामकरी) विनंती हातात घेतल्यावर सुरू व्हायचं, त्याआधी ती रांगेत किती उभी होती हे कुणी मोजतच नव्हतं. नियमाच्या दोन बाजू जुळत नसतील तर कुठेतरी पाणी मुरतंय असं समजा, आणि घड्याळ नेमकं कुठे सुरू होतं, कुठे थांबतं ते बघा.

पायरी ४: आकडे गोळा करा, पण दिवसाची सरासरी घेऊ नका

गर्दीच्या वेळेतला एखादा तास निवडा. त्यातून दोन याद्या काढा: लागोपाठच्या विनंत्यांमधलं अंतर, आणि प्रत्येक विनंतीला प्रत्यक्ष लागलेला कामाचा वेळ (रांगेतला वेळ वगळून). दोन्हींची सरासरी आणि प्रमाण विचलन काढा, आणि आलेख काढून डोळ्यांनी बघा. हे शेवटचं टाळू नका, कारण दोन उंचवटे असलेला आलेख सरासरीत दिसत नाही.

विनंत्या एकमेकींशी संबंध नसल्यासारख्या येत असतील तर दर सेकंदाला येणारी संख्या पॉयसन वितरणाच्या जवळ जाते. ओळखायची सोपी खूण: दर सेकंदाच्या संख्यांची सरासरी आणि त्यांचं प्रसरण, म्हणजे प्रमाण विचलनाचा वर्ग, साधारण सारखे यायला हवेत. प्रसरण सरासरीच्या कित्येक पट निघालं तर विनंत्या झुंडीने येताहेत, आणि पुढची सूत्रं तुम्हाला जरा जास्तच गोड उत्तर देतील.

आणखी एक चूक जाता जाता सांगतो. पाच सर्व्हरांचे ९९वे शतमक (१०० पैकी ९९ विनंत्या ज्या वेळेच्या आत होतात तो आकडा) घेऊन त्यांची सरासरी काढू नका. त्या आकड्याला काही अर्थ नसतो. सगळ्या विनंत्या एकत्र करून मगच शतमक काढा.

पायरी ५: सगळ्यात सोपं सूत्र लावा

येण्याचा वेग गुणिले कामाचा सरासरी वेळ म्हणजे भार, ज्याला युटिलायझेशन म्हणतात. आपल्याकडे २० × ०.०४ = ०.८. सर्व्हर ८० टक्के वेळ कामात.

विनंत्या पॉयसन पद्धतीने येत असतील, कामाचे वेळ घातांकी वितरणाचे (छोटी कामं पुष्कळ, मोठी विरळ) असतील आणि सर्व्हर एक असेल, तर या मॉडेलला एम/एम/१ म्हणतात. ही खूणपद्धत डेव्हिड केंडलची, १९५३ सालची. त्याचं सूत्र:

एकूण सरासरी वेळ = कामाचा सरासरी वेळ ÷ (१ − भार)

भार ०.५ असताना वेळ दुप्पट, ०.८ ला पाचपट, ०.९ ला दहापट, ०.९५ ला वीसपट. ९० वरून ९५ वर जाताना काम जेमतेम साडेपाच टक्के वाढलं, वेळ मात्र दुप्पट झाला. "सर्व्हर अजून १० टक्के रिकामाच आहे" असं कुणी म्हणालं की हा आलेख काढून दाखवावा.

आपल्या उदाहरणात ४० ÷ ०.२ = २०० मिलिसेकंद. या मॉडेलमध्ये एकूण वेळही घातांकीच असतो, त्यामुळे ९५वं शतमक सरासरीच्या सुमारे ३ पट आणि ९९वं सुमारे ४.६ पट येतं. २०० × ४.६ = ९२०. एक सेकंदाच्या आत! उत्तर "हो" आलं, काम संपलं असं वाटेल. थांबा, इथेच बहुतेक जण फसतात.

पायरी ६: सहा विनंत्या हाताने चालवून बघा

सूत्रावर विश्वास ठेवण्याआधी रांग आतून कशी वागते ते बघू. लिंडलीने १९५२ साली मांडलेला नियम वापरायचा. प्रत्येक नव्या विनंतीचं थांबणं = आधीच्या विनंतीचं थांबणं + आधीच्या विनंतीचं काम − दोघींमधलं अंतर. उत्तर ऋण आलं तर शून्य धरायचं.

सहा विनंत्या घ्या. त्यांच्यातली अंतरं: ७५, १०, १५, १००, ५० (सरासरी ५०). कामाचे वेळ: ३०, ६०, २०, ७५, २५, ३० (सरासरी ४०). सगळं मिलिसेकंदांत.

पहिली: थांबणं ०.
दुसरी: ० + ३० − ७५, ऋण, म्हणून ०.
तिसरी: ० + ६० − १० = ५०.
चौथी: ५० + २० − १५ = ५५.
पाचवी: ५५ + ७५ − १०० = ३०.
सहावी: ३० + २५ − ५० = ५.

सरासरी थांबणं सुमारे २३. आता याच सरासऱ्या ठेवा, पण प्रत्येक अंतर बरोबर ५० आणि प्रत्येक काम बरोबर ४० करा. कुणालाही क्षणभरही थांबावं लागत नाही.

तिसऱ्या विनंतीकडे नीट बघा. तिचं स्वतःचं काम २० मिलिसेकंदांचं, पण थांबली ५०. त्याआधी पहिली विनंती संपल्यावर सर्व्हर ४५ मिलिसेकंद रिकामा बसून होता. तो रिकामा वेळ पुढच्या गर्दीसाठी साठवून ठेवता आला असता तर रांग खूपच छोटी झाली असती. पण सर्व्हरचा रिकामा वेळ साठत नाही, गेला तो गेला. रांग सरासरीमुळे होत नाही, चढ-उतारामुळे होते, ते यातून दिसतं.

हाच नियम स्प्रेडशीटमध्ये एका ओळीत लिहिता येतो. एक लाख ओळी खाली ओढल्या की तुमचं पहिलं सिम्युलेशन तयार. घातांकी अंतर हवं असेल तर ० ते १ मधल्या यादृच्छिक संख्येचा नैसर्गिक लॉगरिथम घ्या, त्याला सरासरी अंतराने गुणा आणि चिन्ह बदला. सुरुवातीच्या काही हजार ओळी मात्र सोडून द्या. रिकाम्या सिस्टीमपासून सुरुवात केल्यामुळे त्या उगाच चांगल्या दिसतात.

पायरी ७: चढ-उतार मोजून सूत्र दुरुस्त करा

एम/एम/१ ने कामाचे वेळ घातांकी मानले होते. आपल्या सर्व्हरचा आलेख काढला तर समजा असं दिसलं: १० पैकी ९ विनंत्या १० मिलिसेकंदांत होतात, आणि एक, मोठा अहवाल मागणारी, ३१० घेते. सरासरी तीच, ४०. प्रमाण विचलन मात्र ९०.

एका सर्व्हरसाठी किंगमनचं १९६१ सालचं सूत्र असं:

सरासरी थांबणं ≈ भार ÷ (१ − भार) × चढ-उताराचा गुणक × कामाचा सरासरी वेळ

गुणक काढायला अंतरं आणि कामं या दोन्हींसाठी प्रमाण विचलनाला सरासरीने भागा, वर्ग करा आणि दोन वर्गांची सरासरी घ्या. विनंत्या पॉयसन पद्धतीने येतात, म्हणून पहिला वर्ग १. कामासाठी ९० ÷ ४० = २.२५, वर्ग सुमारे ५.०६. गुणक ३.०३.

थांबणं: ०.८ ÷ ०.२ × ३.०३ × ४० = सुमारे ४८५ मिलिसेकंद. घातांकी मानलं तेव्हा हेच १६० होतं. सरासरी तीच, भार तोच, थांबणं तिप्पट. आणि ९९वं शतमक अडीच सेकंदांच्या वर जातं. पायरी ५ चं "हो" आता "नाही" झालं. सर्व्हर, विनंत्या सगळं होतं तिथेच आहे, फक्त आपण कामाच्या वेळांचा आलेख बघितला.

येणं पॉयसन असेल तेव्हा सरासरीचं हे सूत्र अंदाज राहत नाही, नेमकं असतं. ते किंगमनच्याही आधीचं, पोलाचेक आणि खिंचिन यांच्या नावाने ओळखलं जातं.

पायरी ८: पर्याय कागदावर लढवा

दुसरा सर्व्हर मिळाला असं धरू. तो कसा लावायचा? इथे सिस्टीम डिझाइन आणि गणित एकत्र येतात, आणि मला स्वतःला सगळ्यात जास्त मजा इथेच येते.

पहिला पर्याय: अहवाल वेगळ्या सर्व्हरवर. हलक्या विनंत्या सेकंदाला १८, काम १०, भार ०.१८. त्यांचं थांबणं ४८५ वरून जवळजवळ १ मिलिसेकंदावर येतं. जड विनंत्या सेकंदाला २, काम ३१०, भार ०.६२, थांबणं सुमारे २५०. ऐकायला झकास. पण जड विनंत्यांपैकी साधारण दहावा हिस्सा एक सेकंदाची रेघ ओलांडतो. म्हणजे एकूण शंभरात एक, ऐन काठावर.

दुसरा पर्याय: रांग एकच, सर्व्हर दोन, जो मोकळा तो पुढची घेईल. भार दोघांत वाटला जाऊन ०.४. सरासरी थांबणं अंदाजे २३ मिलिसेकंद. पहिल्या पर्यायात सगळ्यांची मिळून सरासरी २६, म्हणजे जवळपास तेवढीच. फरक आहे तो कोण थांबतं यात. इथे हलक्यांनाही थोडं थांबावं लागतं, पण जड विनंतीचा निभाव सहज लागतो आणि जवळपास सगळ्या एका सेकंदाच्या आत येतात.

माथ्यावरचं वाक्य आता वाचा. "१०० पैकी ९९ एका सेकंदात" हा प्रश्न असेल तर दुसरा पर्याय जिंकला. प्रश्न "साधं पान ५० मिलिसेकंदांत उघडावं" असा असता तर पहिला जिंकला असता. दोन संघ अशा वादात आठवडे घालवताना मी पाहिले आहेत, आणि दोघांच्या डोक्यात प्रश्नच वेगळे होते.

तिसरा पर्यायही लोक करतात: दोन सर्व्हर, दोन रांगा, विनंती नाणेफेक करून कुठल्याही एका रांगेत. एकीकडे रांग आणि दुसरीकडे सर्व्हर रिकामा, असं त्यात घडत राहतं. शक्य असेल तिथे रांग एकच ठेवा.

मोठ्या संख्येसाठी एक ठोकताळा. येण्याचा वेग गुणिले कामाचा वेळ यातून जो आकडा येतो त्याचं एकक अर्लांगच्याच नावाने आहे. समजा तो २० आला. २० थ्रेड ठेवले तर रांग वाढतच जाईल. २० मध्ये त्याचं वर्गमूळ, सुमारे ४.५, मिळवा आणि २५ ठेवा. साधारण पाचातल्या एका विनंतीलाच थांबावं लागेल. भार चौपट होऊन ८० झाला तरी वर्गमूळ ९, म्हणजे ८९ पुरतात. भार चौपट, राखीव फक्त दुप्पट. म्हणूनच मोठ्या सिस्टीम ९० टक्क्यांवर निवांत चालतात आणि छोटी सिस्टीम त्याच ९० टक्क्यांवर रडते.

पायरी ९: मॉडेलमध्ये नसलेल्या दोन गोष्टी

पहिली, पुन्हा प्रयत्न. उत्तर उशिरा आलं की क्लायंट तीच विनंती पुन्हा पाठवतो. येण्याचा वेग वाढतो, उशीर आणखी वाढतो, आणखी विनंत्या येतात. सूत्र मात्र वेग ठरलेला आहे असं मानून बसलेलं असतं. म्हणून रांगेला लांबीची मर्यादा घाला आणि ती भरली की लगेच नकार द्या. पुन्हा प्रयत्न करण्याआधीचं अंतर दर वेळी वाढवा, आणि त्यात थोडी यादृच्छिकता ठेवा, नाहीतर सगळे एकाच ठोक्याला परत येतात.

दुसरी, फाटे. एक पान तयार करायला १०० सर्व्हरांना विचारावं लागत असेल आणि त्यातला प्रत्येक जण शंभरात एकदाच सुस्त होत असेल, तर एक तरी सुस्त निघण्याची शक्यता १ − ०.९९ चा १०० वा घात, म्हणजे सुमारे ६३ टक्के. एका सर्व्हरसाठी विरळ असलेली गोष्ट पानासाठी नेहमीची झाली.

पायरी १०: लोड टेस्ट लावा, पण कुठल्या प्रकारची ते बघून

लोड टेस्टची बरीच साधनं नेमून दिलेले, समजा ५०, आभासी वापरकर्ते चालवतात. प्रत्येक जण उत्तर येईपर्यंत थांबतो, मगच पुढची विनंती पाठवतो. सर्व्हर मंदावला की विनंत्याही आपोआप मंदावतात, त्यामुळे रांग ५० च्या पुढे जाऊच शकत नाही. खरे वापरकर्ते एकमेकांसाठी असे थांबत नाहीत. साधनात ठरलेल्या वेगाने विनंत्या पाठवायचा पर्याय शोधा, अंतरं यादृच्छिक ठेवा, आणि वेळ मोजताना विनंती जेव्हा निघायला हवी होती त्या क्षणापासून मोजा.

वेग सेकंदाला ५, १०, १५, १८, २० असा वाढवत न्या. प्रत्येक टप्प्यावर मॉडेलचा आकडा आणि मोजलेला आकडा शेजारी शेजारी लिहा. कमी भाराला दोन्ही जुळले आणि १५ च्या पुढे मोजलेला आकडा सुटून वर गेला, तर बहुधा कुठेतरी मॉडेलमध्ये न धरलेली दुसरी रांग आहे: कनेक्शन पूल, एखादं लॉक, नको झालेली मेमरी मोकळी करायला मध्येच थांबणारा प्रोग्राम (गार्बेज कलेक्शन). कमी भारालाच जुळत नसेल तर मॉडेलला हात लावू नका. कामाच्या वेळाचं मोजमाप चुकलेलं असतं, पायरी ३ वर परत जा.